धावत्या दिव्याचा प्रकाश

धावत्या गाडीतून पुढे फेकलेल्या चेंडूला गाडीचा वेग आयता मिळतो, मग धावत्या दिव्यातून निघालेल्या प्रकाशाला दिव्याचा वेग का मिळत नाही, असा प्रश्न माझ्या भाचीने मध्यंतरी मला विचारला. ती कळव्याला राहते, बारावीला विज्ञान शाखेत आहे, आणि ज्या क्लासला ती जाते तिथे तिला या प्रश्नावर "ते गृहीतक आहे, तसेच लिहायचे" एवढेच उत्तर मिळाले होते. माझी सगळी नोकरी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे हे उत्तर माझ्या जिव्हारी लागले. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली ते गृहीतक म्हणूनच मांडले हे खरे आहे. परंतु त्यानंतर ते इतक्या कसोशीने तपासले गेले आहे, आणि त्या तपासात एक गाजलेला पुरावा, निष्कर्ष बरोबर असूनही, पुरावा म्हणून इतका लंगडा ठरला आहे, की ती सगळी हकिगत मुलीला सांगायलाच हवी असे मला वाटले. तिला तोंडी सांगितले, आता इथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात आवाजापासून करावी लागते. ठाण्याहून मुंबईकडे निघालेली फास्ट लोकल नाहूरला थांबत नाही; फलाटावर उभे राहून तिचा भोंगा ऐकला तर गाडी समोरून जाताक्षणी सूर खाली उतरल्याचे स्पष्ट कळते. गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर, आणि आपल्याकडच्या उकाड्यात आवाजाचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर येणाऱ्या भोंग्याची वारंवारता जाणाऱ्या भोंग्याच्या तुलनेत साडेतेरा टक्क्यांनी जास्त निघते. शुद्ध ऋषभ आणि षड्ज यांच्यातला फरक साडेबारा टक्क्यांचा असतो. भाची पेटी शिकते, त्यामुळे हा हिशेब तिला लगेच पटला. मात्र भोंग्याचा आवाज फलाटापर्यंत ज्या वेगाने येतो तो वेग गाडी येवो वा जावो, तेवढाच राहतो. आवाज एकदा भोंग्यातून सुटला की तो हवेचा होतो, आणि हवेतून किती वेगाने जायचे ते हवा ठरवते. सूर बदलतो, वेग बदलत नाही. म्हणजेच तरंगाचा वेग त्याच्या स्रोताच्या गतीवर अवलंबून नसतो, हे विधान स्वतःपुरते मुळीच चमत्कारिक नाही. चेंडू गाडीचा वेग घेतो आणि त्याच गाडीचा भोंगा घेत नाही, हे आपण रोज अनुभवतो. खरा प्रश्न एवढाच उरतो, की या बाबतीत प्रकाश चेंडूच्या बाजूचा आहे की भोंग्याच्या.

एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रज्ञांना याविषयी शंका नव्हती. प्रकाश हा तरंग आहे, तो ईथर नावाच्या सर्वव्यापी माध्यमातून जातो, आणि त्यामुळे स्रोताच्या गतीचा त्याच्या वेगाशी संबंध नाही, असे ते मानत. पेच पडला तो १८८७ साली, मायकेलसन आणि मोर्ली यांच्या प्रयोगाने. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, तेव्हा ईथरमधून जाताना तिच्यावरील प्रयोगशाळेत वेगवेगळ्या दिशांनी धाडलेल्या प्रकाशाच्या वेगात फरक दिसायला हवा होता. तो दिसला नाही. या निकालाचा अर्थ लावण्याच्या ज्या वाटा होत्या त्यांतली एक अगदी सरळ होती: ईथर सोडून द्यायचा आणि प्रकाशाला चेंडूच्या बाजूला बसवायचे. प्रयोगातला दिवा, आरसे आणि दुर्बीण ही सगळी एकमेकांच्या तुलनेत स्थिरच असतात, त्यामुळे प्रकाश दिव्याचा वेग घेत असेल तर फरक दिसायचे कारणच उरत नाही.

हीच वाट वॉल्टर रिट्झ या स्विस शास्त्रज्ञाने १९०८ साली पूर्ण गणितासह मांडली. आइन्स्टाइन ज्या झुरिकच्या तंत्रविद्यापीठात शिकले तिथेच रिट्झ यांचेही शिक्षण सुरू झाले होते, आणि दुसऱ्याच वर्षी, अवघ्या ३१ व्या वर्षी, ते वारले. त्यांच्या उत्सर्जन सिद्धांताचा उल्लेख आपल्याकडे केलाच तर चुकलेली कल्पना म्हणून एका ओळीत होतो, हे मला योग्य वाटत नाही. मायकेलसन-मोर्ली प्रयोगाशी तो सिद्धांत पूर्ण सुसंगत होता, आणि स्वतः आइन्स्टाइन यांनीही १९०५ पूर्वी तशा कल्पनेचा विचार करून मगच ती सोडली होती. म्हणून त्या एका प्रयोगाने प्रकाशाचा वेग स्रोतावर अवलंबून नसल्याचे सिद्ध झाले, असे जेव्हा लिहिले जाते तेव्हा ते चूक असते. त्या प्रयोगाने ईथरचे वारे नाकारले, रिट्झना नाकारले नाही.

रिट्झ यांना नाकारण्यासाठी वेगाने हलणारा स्रोत हवा, आणि तो आकाशात भरपूर मिळतो. विलेम द सिटर या डच खगोलशास्त्रज्ञाने १९१३ साली जोडताऱ्यांकडे लक्ष वेधले. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी प्रत्येक तारा काही काळ आपल्याकडे येत असतो आणि काही काळ दूर जात असतो. येतानाचा प्रकाश जलद आणि जातानाचा सावकाश निघत असेल, तर वाटेतल्या दीर्घ प्रवासात जलद प्रकाश सावकाश प्रकाशाला गाठील, आणि ताऱ्यांची चाल आपल्याला भलतीच वेडीवाकडी दिसेल.

हा हिशेब भाचीकडून करून घेण्यासाठी मी सारथी तारकासमूहातला बीटा तारा निवडला. हिवाळ्यात रात्री डोक्याच्या थोडे उत्तरेला ब्रह्महृदय हा ठळक तारा दिसतो, त्याच्या जवळच हा आहे, आणि ठाण्याच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशातही तो नुसत्या डोळ्यांनी सापडतो. डोळ्यांना एकच दिसणारा हा तारा प्रत्यक्षात दोन जवळजवळ सारख्या ताऱ्यांची जोडी आहे. ही जोडी चार दिवसांहून किंचित कमी वेळात एक फेरी पूर्ण करते, प्रत्येकाचा वेग सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर आहे, आणि अंतर सुमारे ८० प्रकाशवर्षे. प्रकाशाच्या वेगाशी ११० किलोमीटरचे गुणोत्तर सुमारे ०.०००३७ येते; त्याला ८० वर्षांनी गुणले की ०.०२९ वर्ष, म्हणजे जवळपास ११ दिवस. रिट्झ बरोबर असते तर येणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश ११ दिवस लवकर पोचला असता आणि जाणाऱ्याचा ११ दिवस उशिरा, आणि फेरी तर चारच दिवसांची आहे. त्यामुळे निरनिराळ्या फेऱ्यांचा प्रकाश एकाच रात्री एकमेकांत मिसळून आला असता आणि वर्णपटात कसलाही क्रम लागला नसता. प्रत्यक्षात १८८९ साली अँटोनिया मॉरी यांनी हार्वर्डच्या वेधशाळेतल्या छायाचित्रांवरून ही जोडी ओळखली, तीच मुळी वर्णपटातल्या रेषा ठरावीक काळाने दुभंगतात आणि पुन्हा जुळतात यावरून. आणि तो क्रम आजही घड्याळासारखा चालू आहे.

भाचीला इथेच प्रश्न सुटला असे वाटले, आणि बहुतेक पुस्तकेही इथेच थांबतात. परंतु या पुराव्यात एक भगदाड आहे, आणि ते ज्यांनी नेमके दाखवून दिले त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. अमेरिकेतले जे. जी. फॉक्स यांनी १९६० च्या दशकात उत्सर्जन सिद्धांताविरुद्धचा एकेक पुरावा पुन्हा तपासायला घेतला. ते रिट्झ यांचे अनुयायी नव्हते. जो निष्कर्ष सगळे मान्य करतात त्याला आधार म्हणून दिलेल्या गोष्टी खरोखर तो आधार देतात का, एवढेच त्यांना पाहायचे होते.

त्यांचा मुद्दा असा. प्रकाश कोणत्याही पदार्थातून जाऊ लागला की त्या पदार्थातले इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर हलू लागतात आणि स्वतः प्रकाश उत्सर्जित करतात. एवाल्ड आणि ओसीन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवले होते, की हा नवा प्रकाश आणि मूळ प्रकाश यांच्या बेरजेत मूळ तरंग क्रमाने पुसला जातो आणि त्याच्या जागी पदार्थाने स्वतः उभा केलेला तरंग उरतो. ज्या अंतरात ही अदलाबदल होते त्याला विलोपन अंतर म्हणता येईल. साध्या हवेत दृश्य प्रकाशासाठी हे अंतर पाव मिलिमीटरच्या आसपास आहे. याचा परिणाम विलक्षण आहे: फिरत्या आरशाचा किंवा धावत्या दिव्याचा प्रयोग हवेत केला, तर यंत्रापर्यंत पोचणारा प्रकाश त्या आरशाचा किंवा दिव्याचा नसतोच, तो स्थिर हवेचा असतो, आणि त्याला स्रोताच्या गतीची कसलीही आठवण नसते.

ताऱ्यांमधली पोकळी आपण निर्वात समजतो, पण तीही पुरती रिकामी नाही. घनसेंटिमीटरमागे सरासरी ०.०३ मोकळे इलेक्ट्रॉन धरले तरी दृश्य प्रकाशाचे विलोपन अंतर सुमारे अडीच प्रकाशवर्षे येते. म्हणजे बीटा ताऱ्यापासून निघालेल्या प्रकाशाने रिट्झ यांच्या म्हणण्याप्रमाणे कमीजास्त वेगाने सुरुवात केली असती, तरी ८० पैकी पहिल्या दोनतीन प्रकाशवर्षांतच त्याचा वेग एकसारखा झाला असता. आम्ही काढलेले ११ दिवस त्यामुळे ८ तासांवर येतात. चार दिवसांच्या फेरीत ८ तासांचा फरकही लपून राहणार नाही, असे भाचीचे म्हणणे पडले, आणि ते रास्त आहे; पण फॉक्स यांनी पुढे असेही लक्षात आणून दिले, की अशा जवळजवळच्या जोड्यांभोवती वायूचे आवरण असू शकते, आणि ते असले तर अदलाबदल ताऱ्याच्या दारातच उरकून जाते. मग ८ तासही उरत नाहीत.

याच कारणाने वृषभ राशीतल्या १०५४ सालच्या स्फोटाचा दाखलाही मला वापरवत नाही. चिनी निरीक्षकांनी नोंदवलेला तो नवा तारा सुमारे ६५०० प्रकाशवर्षांवर होता. स्फोटात आपल्याकडे उडालेल्या वायूचा वेग सेकंदाला ३००० किलोमीटर धरला, तर रिट्झ यांच्या मते त्याचा प्रकाश ६५ वर्षे आधी यायला हवा आणि उलट बाजूच्या वायूचा ६५ वर्षे उशिरा. तारा तर दोनेक वर्षांत दिसेनासा झाला. युक्तिवाद ऐकायला सुंदर आहे, पण विलोपनाचा विचार केला की तो फरक आठदहा दिवसांवर येतो, आणि हजार वर्षांपूर्वीच्या नोंदींतून आठदहा दिवसांचा फरक शोधता येत नाही.

यातून सुटण्याचा मार्ग विलोपनाच्या सूत्रातच आहे. मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या विरळ वायूत विलोपन अंतर तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. तरंगलांबी जितकी लहान तितका मूळ प्रकाश दूरवर टिकतो. म्हणून दृश्य प्रकाश सोडून क्ष-किरण आणि गॅमा किरण यांच्याकडे वळायला हवे. उलट्या बाजूला गेले तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. कल्याण-मुरबाडवरून माळशेज घाट चढून गेले की नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, आणि तिने एनजीसी १८५१ या तारकागुच्छात अतिशय लंबवर्तुळाकार कक्षेत फिरणारा एक जोड-पल्सर, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारा जोडीतला तारा, शोधला आहे. सुट्टीत गाडी काढून पाहायला जावे अशी ती जागा. पण एक मीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींचे विलोपन अंतर त्याच विरळ वायूत केवळ सव्वा कोटी किलोमीटरच्या घरात येते, सूर्य-पृथ्वी अंतराच्या दहाव्या भागाहूनही कमी. इतक्या अचूकपणे मोजले जाणारे रेडिओ पल्सर या एका प्रश्नाबाबत मात्र साक्ष देऊ शकत नाहीत, याची मला मनापासून हळहळ वाटते.

पहिला निर्विवाद निकाल १९६४ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून आला. आल्वेगर, फार्ले, केलमन आणि वॉलिन या चौघांनी तिथल्या कणत्वरकातले प्रोटॉन लक्ष्यावर आदळवून विद्युतभाररहित पायॉन तयार केले. हा कण जन्मतःच मरणाच्या वाटेवर असतो आणि त्यातून दोन गॅमा किरण निघतात. या पायॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ०.९९९७५ पट होता, म्हणजे इथे प्रकाशाचा स्रोतच जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत होता, आणि तरीही अल्पायुष्यामुळे तो पुरते पाऊल टाकण्याआधीच संपत होता: त्याचा सगळा प्रवास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. पुढच्या दिशेने निघालेल्या गॅमा किरणांना ठरावीक अंतर कापायला किती वेळ लागतो, ते त्यांनी मोजले. रिट्झ यांच्या हिशेबाने वेग प्रकाशाच्या नेहमीच्या वेगाच्या दुप्पट यायला हवा होता. तो आला सेकंदाला २,९९,७७० किलोमीटर, चूकभूल ४० किलोमीटर इकडे किंवा तिकडे. आणि प्रकाशाचा ज्ञात वेग २,९९,७९२ किलोमीटर आहे. स्रोताच्या वेगाचा किती अंश प्रकाशाला मिळतो याला एक गुणक मानले, रिट्झ यांच्यासाठी एक आणि आइन्स्टाइन यांच्यासाठी शून्य, तर या प्रयोगातून तो उणे ३ लक्षांश आला आणि त्यातली अनिश्चितता १३ लक्षांश. शून्य, असेच म्हणायचे.

जोडताऱ्यांचा युक्तिवादही अखेर वाया गेला नाही. १९७७ साली केनेथ ब्रेशर यांनी तोच क्ष-किरणांवर बसवला. शौरी तारकासमूहात हर्क्युलिस एक्स-१ नावाचा न्यूट्रॉन तारा आहे. दर १.२४ सेकंदांनी त्याचा क्ष-किरणांचा एक ठोका येतो, आणि सोबतच्या ताऱ्याभोवती तो १.७ दिवसांत फेरी मारतो. ७० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या क्ष-किरणांचे विलोपन अंतर, वर धरलेल्याच विरळ वायूत, ७० हजार प्रकाशवर्षांच्या आसपास जाते. तारा साधारण २० हजार प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे तिथून निघालेला क्ष-किरण आपल्यापर्यंत बहुतांशी तोच पोचतो. ताऱ्याचा कक्षेतला वेग सेकंदाला सुमारे १७० किलोमीटर. भाचीने आता सराईतपणे गुणाकार केला आणि उत्तर आले ११ वर्षे. एवढ्या वेळेने ठोके मागेपुढे व्हायला हवेत. प्रत्यक्षात ते मागेपुढे होतात फक्त १३ सेकंदांनी, आणि हे १३ सेकंदही वेगामुळे नव्हेत. तारा कक्षेच्या अलीकडच्या बाजूला असतो तेव्हा अंतर कमी असते आणि पलीकडे असतो तेव्हा जास्त, तेवढे अंतर कापायला प्रकाशाला लागणारा तो वेळ आहे. तो इतक्या नितळ लयीत कमीजास्त होतो, की दुसऱ्या कशाला जागाच राहत नाही. अशा क्ष-किरण जोड्यांवरून ब्रेशर यांनी तो गुणक २ अब्जांशापेक्षा कमी असल्याचे दाखवले.

वहीत ११ वर्षे आणि १३ सेकंद एकाखाली एक लिहिल्यावर भाचीने लगेच पुढची शंका काढली, आणि ती फार नेमकी होती: यावरून प्रकाश भोंग्याच्या बाजूचा ठरला, मग ईथर खरा का मानू नये? भोंग्याच्या दिशेने मी स्वतः धावले तर आवाज माझ्यापर्यंत जास्त वेगाने येतो, कारण मी हवेतून धावत असते. प्रकाशाच्या बाबतीत हे होत नाही, असे मायकेलसन-मोर्ली प्रयोग सांगतो. म्हणजे नुसत्या त्या प्रयोगाला रिट्झ यांची पळवाट होती आणि नुसत्या क्ष-किरणांच्या पुराव्याला ईथरची. दोन्ही एकत्र ठेवले की दोन्ही पळवाटा बंद होतात. प्रकाश चेंडूसारखाही वागत नाही आणि भोंग्याच्या आवाजासारखाही नाही. दिवा माझ्याकडे येतो आहे की मी दिव्याकडे जाते आहे, यांत निसर्ग भेद करत नसेल, आणि दिव्याच्या येण्याने प्रकाशाचा वेग बदलत नसेल, तर माझ्या जाण्यानेही तो बदलू शकत नाही. बदलते ती वारंवारता, आणि तीच मोजून आपण ताऱ्यांचे वेग काढतो.

मग वेगांची बेरीजच नव्या रीतीने करावी लागते: दोन वेग मिळवायचे आणि त्या बेरजेला एक अधिक त्यांचा गुणाकार भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग, एवढ्याने भागायचे. सेकंदाला २२ मीटर वेगाच्या गाडीतून १० मीटर वेगाने फेकलेल्या चेंडूसाठी या भागाकाराने ३२ मीटरमधून मीटरच्या दहा लाख कोटीव्या भागाहूनही कमी वजा होते, म्हणून साधी बेरीज आपल्याला कधी दगा देत नाही. सर्नमधल्या पायॉनसाठी मात्र, प्रकाशाचा वेग एक मानला, तर वर ०.९९९७५ अधिक १, म्हणजे १.९९९७५ येतात, आणि खाली १ अधिक ०.९९९७५ गुणिले १, म्हणजे तेही १.९९९७५ च येतात. भाचीने ०.९९९७५ च्या जागी स्वतःच्या मनाने दुसरे आकडे घालून पाहिले. वरची आणि खालची संख्या प्रत्येक वेळी सारखीच आली.